पश्चिमेस नदी

हरिपूरच्या घराची किंमत
आण्णाप्पा चौगुल्यांनी भिंतीवर हात ठेवून सांगितली.
"ही पाच सालची," हात कमरेशी.
"एकवीसची ही," हात खिडकीच्या गजाशी.
"आणि एकोणीसची..." मग ते स्टुलावर चढले.
"त्याच्या वर सगळं कोरडं हाय बघा.
माडीला पाणी लागलेलं न्हाई अजून."
'अजून' हा शब्द त्यांनी फुकट दिला.

लेकाचा फोन आला: "पूररेषेत कुणी घर घेतं का, आई?"
मी विचारलं, "निळ्या का लाल?"
तो गप्प.
दोन्ही रेषा मीच टाइप केल्या होत्या,
पाटबंधारे खात्यात, तीन प्रतींत, कार्बन लावून.
एकतीस पावसाळे माझ्या बोटांखालून गेले:
आयर्विन पूल, सकाळी सहा, इतके फूट, इतके इंच,
कोयनेतून इतके क्यूसेक.
नदीची एवढी पत्रं लिहिली मी
आणि तिच्या काठाला आले असेन दोनदा,
दोन्ही वेळा रक्षा घेऊन.

खरेदीखतातली चतुःसीमा कारकुनानं वाचली:
पूर्वेस बोळ, उत्तरेस चौगुले यांची पडीक जागा,
दक्षिणेस शिकलगार यांची भिंत,
पश्चिमेस नदी.
"कुठवर?" मी म्हटलं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"बाई, तिकडची मोजणी होत न्हाई."

अंगणात एक पेव आहे, अर्धं बुजवलेलं.
हळद साठवायचे त्यात, दोन पुरुष खोल.
चालताना पायाखाली घर थोडं घुमतं.
भर दुपारी फरशीला हळदीचा वास येतो,
किंवा मला येतो, पैसे मी भरलेत म्हणून.

संध्याकाळी घाटावर माणसं जमतात.
सिद्राम आंबी, ज्याची होडी पूल झाल्यापासून
कुणाला पलीकडं नेत नाही, तरी रोज पाण्यात असते.
इरफान शिकलगार, वेल्डिंगवाला.
कॉलेजची दोन पोरं, वल्ह्यापेक्षा मोबाइल जपणारी.
आणि राजाक्का, पन्नाशीची,
जिला 'बायका शर्यतीत नसतात' हे सांगायचं
सगळ्यांच्याच राहून गेलं.
शर्यत श्रावणात. भांडणं चैत्रापासून.

पहिल्या दिवशी मी होडीत पाय ठेवला
तशी ती मारक्या म्हशीगत बाजूला सरली.
सिद्राम म्हणाला, "मधी बसा. काय धरू नका."
मी पर्स धरली होती.

त्यांची लय चुकत होती,
उजवीकडचे नेहमी घाईत.
माझी बोटं मांडीवर वाजत होती, सवयीनं,
चाळीस शब्द मिनिटाला,
आणि ओळ संपली की डाव्या हाताचा झटका.
इरफाननं पाहिलं. "मॅडम, तेच मोठ्यानं म्हणा की."
मग म्हटलं. एक, दोन, एक, दोन,
ओळ संपली, ओढा!
होडी सरळ गेली वारणेच्या तोंडापर्यंत,
जिथं दोन पाणी दोन रंगांची
थोडा वेळ एकमेकींशी बोलत नाहीत
नव्या जावांसारखी.

श्रावणात आमचा नंबर चौथा आला. होड्या पाच होत्या.
एक बुडाली, ती धरून.
राजाक्कानं तरी पेढे वाटले.

आता पाणी चढतंय. मोबाइलवर मेसेज:
आयर्विन पूल, सदतीस फूट आठ इंच.
कुणी नवी मुलगी टाइप करत असेल.
तिला सांगायला हवं, आठ इंच म्हणजे
घाटाची एक पायरी,
राजाक्का चपला काढते ती.

गादी, पासबुकं, मिक्सर माडीवर नेलेत.
खाली भिंतीवरच्या खुणा, आणि ते स्टूल.
मघाशी सिद्राम येऊन गेला:
"माडीच्या गजाला दोर लावून ठिवू का?
आलंच पाणी, तर होडी हितं लागंल."
म्हटलं लाव, पण गाठ मला शिकव.

तो दाखवून गेला.
दोनदा सुटली.
दिवे गेलेत, मी परत बांधतेय.