चौतीस मिलिमीटर

दुपारी दीडला इलाही मुजावरनं टेप गुंडाळला
आणि खाली न बघता म्हणाला,
"मॅडम, बसत न्हाई."

चौतीस मिलिमीटर.
अंगठ्याच्या पेराहून जरासं जास्त.
दोनशे साठ मीटरच्या कमानीत
एवढंच लोखंड जादा.

तुकडा शिरोलीत घडलेला.
ट्रेलरला इथवर यायला तीन रात्री लागल्या.
साळवणच्या पुढं एका वळणावर
चहाच्या टपरीचं छप्पर उतरवावं लागलं,
आणि सगळ्यांनी दोन दोन कप घेतल्यावरच
मालकानं ते परत चढवू दिलं.

आता तो दरीवर लटकत होता, वायररोपला,
दोन्ही कड्यांवरून निघालेल्या दोन अर्ध्या कमानींच्या मधे.
खाली नदी. नकाशात तिला नाव आहे,
गगनबावड्याकडची माणसं नुसतं
'खालचं पाणी' म्हणतात.

पाध्ये साहेबांचा पुण्याहून फोन :
"कापा. चौतीस कापा आणि मोकळे व्हा."
गॅस कटर तयारच होता.
इलाही नळीवर पाय देऊन उभा राहिला.
"कापल्यालं परत येत न्हाई.
तापलंय ते. निजू द्या की."

मी वहीत आकडेमोड केली.
एका अंशाला जवळजवळ तीन मिलिमीटर.
तेहेतीसवरून एकोणीसवर उतरलं तर
फट चाळीसनं उघडेल, सहा शिल्लक राहतील.
त्याला हे वहीशिवाय कसं कळलं?
त्याचा बाप उद्यमनगरात गियर बसवायचा.
गियर भट्टीत, शाफ्ट सावलीत,
आणि पोरगं दारात उभं, हात पाठीमागं बांधून,
कारण हात पुढं केला की चापट.

रात्री धाकलू येडगे आला, धनगरवाड्यावरचा.
आमचा राखणदार, आमची हवामान कचेरी.
"वारं तिनाला पडतंय," म्हणाला, आणि बसून राहिला.
मग बऱ्याच वेळानं :
"म्हंजे ही दोन्ही पडायलाच लागल्याली,
तुमी दोऱ्यांनी धरल्याली,
आन एकमेकाला टेकली की दोऱ्या सोडायच्या?"
हो, म्हणाले मी.
"सलामी झाल्यावर गडी भिडत्यात तसं."
हो.
"मग जिंकतंय कोन?"
मी चार वर्षं कमानी शिकले होते.
हे कुणी विचारलं नव्हतं.

वारं तीनला पडलं नाही, सव्वातीनला पडलं.
चार चाळीसला लोखंडाला चिकटवलेला थर्मामीटर
एकोणीसवर आला आणि तिथंच थांबला.
इलाहीनं हात वर केला. विंच कुरकुरली.
तुकडा आत गेला, डावीकडं जरा अडला,
कुणीतरी खोकलं,
मग टक्.
कुलूप लागतं तेवढाच आवाज.
टाळ्या नाहीत. पोरं पिना ठोकायला धावली,
कारण पूर्वेकडं उजाडत होतं
आणि उन्हाला मुदतवाढ मागता येत नाही.

आठ दिवसांनी केबल सोडल्या, जोडीजोडीनं,
दोन्ही कड्यांवर एकाच शिट्टीला.
माथा एकसष्ट मिलिमीटर बसणार, असं कागद म्हणत होता.
बसला अठ्ठावन्न.

तीन कुठं गेले?
पाध्ये साहेब म्हणाले, मर्यादेत आहे, सोडा.
इलाही म्हणाला, "कमी वाकली. चांगलं न्हवं का?"
रिपोर्टात 'फरकाचे कारण' असा रकाना असतो.
मी लिहिलं, खोडलं, रेघ मारली.

सहाची फट भरायला आणलेल्या पट्ट्यांतली
एक उरली, तीन मिलिमीटरची.
तिचा त्या तिनांशी काही संबंध नाही,
ते मला चांगलं ठाऊक आहे.
स्टोअरकीपर दोनदा मागून गेला.
मी दिली नाही.