रास

केळीच्या सौद्यात घडांच्या सरासरी वजनाला
आमच्याकडे रास म्हणतात.
पाच घड कापायचे, काट्यावर टांगायचे,
पाचाने भागायचं,
आणि येईल तो आकडा अख्ख्या बागेला लावायचा.
तीन हजार खोडं, एक आकडा.

भाव आदल्या रात्रीच ठरलेला.
खरी हातचलाखी पाच घड निवडण्यात.
व्यापाऱ्याचा माणूस बांधाच्या कडेने चालायचा,
जिथे वारा पानं फाडतो
आणि ठिबकचं पाणी पोचता पोचता संपतं.
"हा घ्या, हा घ्या," म्हणत बारक्या घडांवर हात ठेवायचा.
मालकाला विचारा, तो पाटाकाठच्या ओळीत नेणार,
जिथला घड उचलायला दोघे लागतात.

माझा बाप, झिपरू मापाडी,
चोपड्याहून येताना एस.टी.ची तिकिटं टाकून द्यायचा नाही.
खिशातून एक काढायचा, शेवटचे दोन आकडे वाचायचा:
सत्तेचाळीस. चला सत्तेचाळिसाव्या ओळीत.
दुसऱ्या तिकिटावर सोळा. सोळावं खोड, घाला कोयता.
एवढी ओळच नसली तर पुढचं तिकीट.
"कागदले सोयरा नही ऱ्हातस," म्हणायचा.
दोन्ही बाजू नाराज.
तिसऱ्या हंगामात त्याला बोलावणंच थांबलं.

वारसा म्हणून मला त्याचा काटा मिळाला, गंजलेला,
आणि एक शब्द:
कितलामाईन?

स्टँडसमोर क्लासचा फलक, शंभरात सत्त्याण्णव पास,
हसऱ्या पोरांच्या चार रांगा.
कितलामाईन?
शेजारच्या हिलालभाऊच्या पोराला दिवाळीनंतर
"घरीच अभ्यास कर" म्हणून परत पाठवलं,
तो शंभरात आहे का?

आमच्या गल्लीत अठरा घरं.
वेफर्सच्या कारखान्याचा मालक कोपऱ्यावर राहायला आला
आणि कागदावर आम्ही सगळे सुखवस्तू झालो.
भाकर त्याच तव्यावर, कळण्याचीच.

मीही एक वर्ष सर्वेक्षणाला होते.
दुपारी बारा ते चार, घरोघर, हातात टॅब.
दाराला कडी दिसली की "बंद" वर बोट.
दोन महिन्यांनी अहवाल आला,
गावात मजुरीला जाणाऱ्या बाया थोड्याच.
बाया कपाशीत होत्या.
कड्या मीच पाहिल्या होत्या.
अहवालाखालची सही माझी नाही,
बोट माझं.

बापाच्या छातीत दुखलं त्या वैशाखात
जळगावच्या डॉक्टरांनी धीर दिला,
"या गोळ्यांनी दहातले सात बरे होतात, अण्णा."
बाप उताणा पडल्या पडल्या म्हणाला,
"कोन्ता दहा?"
डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.
मोबाइलमध्ये बराच वेळ शोधत राहिले.
ते दहा मोठ्या शहरातले होते, बहुतेक पन्नाशीच्या आतले.
बापाला अडुसष्ट सरलेलं.
"मग तुमच्या वयाला किती, ते मला नक्की माहीत नाही," ते म्हणाले.
बाप खूश झाला.
काट्याच्या पलीकडच्या माणसाने "माहीत नाही" म्हटलेलं
आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, म्हणाला.
गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही.

बरा झाला. भरताची वांगी निवडू लागला.
मी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले,
त्याच गोळ्या घ्या, माझ्या बापाला लागू पडल्या.
त्याने मला वांग्यांच्या ढिगाशीच थांबवलं.
"ज्या गयात,
त्या बजारमा कशा येतीन सांगाले?"

त्यानंतर मी जपून बोलते.
हेही सगळं एकाच बापावरून सांगितलं,
तोही मी निवडलेला, पाटाकाठच्या ओळीतला.
एकच घड टांगलाय तुमच्यासमोर.
बाग मोठी आहे.
तुमच्या खिशात एखादं तिकीट असेल,
बघा.