सव्वीस

रिमोट उशीखाली घेऊन झोपतो माझा नवरा,
पूर्वी माणसं तिजोरीची किल्ली घेऊन झोपत तसा.
सव्वीस. खाली एक अंशही नाही.
वर पंखा, दोनवर.
दाराच्या फटीला जुन्या चादरीची वळकटी.

हे त्याला गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत कळलं.
तिसऱ्या मजल्यावरचे मस्कारेन्हस म्हणाले,
आकडा वर ठेवा, बिल आपोआप खाली येतं.
तेव्हापासून जिन्याखाली मीटरसमोर उभा राहून
तो युनिट उतरवतो, बँकेच्या फुकट डायरीत.
एप्रिल तीनशे बारा. मे दोनशे सत्तर,
आणि पुढे लाल पेनाने, शाब्बास.
कोणाला, ते लिहिलेलं नाही.

मी एकावन्न वर्षांची.
माझ्या आत मध्यरात्री कुणीतरी भट्टी पेटवतं.
कानामागून सुरू होते, गळ्यावर येते,
उशीचा अभ्रा पिळावा इतका घाम.
वडाळ्याच्या मिठागरांकडून यायचा तो वारा
समोर टॉवर उभा राहिल्यापासून
आमच्या खिडकीचा पत्ता विसरलाय.

मग मी हळूच हात घालते त्याच्या उशीखाली.
टुक. पंचवीस. टुक. चोवीस.
विसावर पोचेपर्यंत त्याचं घोरणं थांबतं.
तो काही न बोलता पांघरूण ओढतो,
मी काही न बोलता ढकलते.
सकाळी पुन्हा सव्वीस.

परवा बिल आलं.
चष्मा कपाळावर ठेवून तो बाल्कनीत वाचत राहिला.
मी पोह्यांवर लिंबू पिळत होते, हवं त्याहून जास्त.
"मृदुला, रात्री तुला फार उकडतं का?"
"उकडतं."
"कधीपासून?"
"दिवाळीच्या आधीपासून."
त्याने डायरीची मागची पानं उलटली.
नोव्हेंबर, तीनशे नव्वद.
ऐन थंडीच्या तोंडावर.
"मी तर मीटर बिघडला म्हणून अर्ज केला होता," म्हणाला,
आणि बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसला.

दुपारी स्टुलावर चढून त्याने एसीची जाळी काढली.
धुतली. माझ्या गाऊनशेजारी दोरीवर वाळत घातली.
केवढी धूळ होती, म्हणाला, बिचारा श्वास कसा घेणार.

आता रात्री बावीस.
रिमोट दोघांच्या मध्ये, उघड्यावर.
दिवसभर मात्र बंद, ते मीही कबूल केलंय.
आणि जून महिन्यात, मुंबईत,
माझ्या शेजारी एक माणूस
कानटोपी घालून झोपलाय.