शेवटचं 'नाही'

हडर्सफील्डचा ह
लीड्स स्टेशनच्या खिडकीशी घशात बसायचा,
म्हणून कित्येक वर्षं मी मँचेस्टरचं तिकीट काढलं
आणि मधेच उतरलो.
म बरा. ओठ मिटले की आलाच.
एका अक्षरापायी इतकं भाडं
कुणी भरलं नसेल.

मंगळवारी ग्वेन ऍकरॉइड मला वाक्यं देते.
'कुत्रा धावला.'
धावतो, सरळ, माझ्याही तोंडून.
मग तोच कुत्रा लांबत जातो,
शेजारच्या मुलाने काल ज्याला पाव घातला तो,
फाटक उघडं राहिल्यामुळे, वगैरे,
आणि मी पहिल्याच शब्दापाशी उभा.
ती म्हणते, शब्द तोच आहे,
त्याच्यामागे आता अख्खं वाक्य आहे.
म्हणजे सुईचं नेढं.
पण दोरा किती लांब आहे
हे टोकाला आधीच कसं कळतं,
ते तिलाही ठाऊक नाही.

इंग्रजी नकार लवकर उरकून घेते.
आमच्यात तो शेवटी,
जेवणानंतरच्या ताकासारखा.

शहाण्णव साली, कराडला,
आत्मारामकाका सुपारी कातरत होते.
मी म्हणालो, मी इंग्लंडला जाणार
न्
जीभ दातांमागे टेकलेली
न् न्
काका थांबले नाहीत असं नाही,
अडकित्ता दोनदा वाजला.
मग म्हणाले, वा! जाणार म्हणतोय!
आणि कुणीतरी पेढे आणायला पळालं.

वाक्य पुरं होतं.
कर्ता होता, क्रियापद होतं,
व्याकरणाला चूक काढायला जागा नव्हती.

अशी माझी बरीच क्रियापदं दुसऱ्यांनी पुरवली.
'मी ते पत्र—'
'टाकलंस ना? बरं झालं,' मृणाल म्हणाली.
फाडलं होतं.
मी मान हलवली,
रात्री बसून पुन्हा लिहिलं
आणि पावसात जाऊन टाकून आलो.

ग्वेनला एकदा समजावलं,
आम्ही असंही म्हणतो: मला बोलवत नाही.
यात मी कर्ता नाही.
मग कोण आहे, तिने विचारलं.
कुणीच नाही. क्रियापद आपलं एकटंच असतं.
बाहेर पडल्यावर जिन्यात लक्षात आलं,
ते 'नाही' न अडता आलं होतं.

आज मशीन बंद.
खिडकीत नवी मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली.
मी: ह. ह.
हॅलिफॅक्स होतं, हॅरोगेट होतं, हल होतं,
ह ची कितीतरी गावं तिच्या हाताशी होती,
एकही तिने पुढे केलं नाही.
पेन्सिलही काढली नाही.
हडर्सफील्ड आलं, तीन तुकड्यांत.

'नुसतं जायचं, की परतीचंही?'

मागे कुणीतरी पाय बदलतं.
मी तोंड उघडतो.
ती थांबते.