नेऊस

वहीत लिहिलं : नेऊस मडावी.
"म्हंजे काय जी?" दारातून कोतवाल.

बर्फ, म्हटलं. कातालान भाषेतला.
दवाखान्यातल्या परदेशी सिस्टरच्या
आईचं नाव.
तिकडं म्हणे ऐन उन्हाळ्यात
टेकडीवर बर्फ पडला,
लोकांनी तिथंच माउलीचं देऊळ बांधलं.

बाहेर सेहेचाळीस.
आमच्या गावानं बर्फ पाहिला तो
गोळेवाल्याच्या भुशात,
नाहीतर उभ्या हरभऱ्यावर,
गारांचा.

दुर्पता अंगठा पुसत म्हणाली,
"रातभर कळा. लाइन गेलती.
तिनं कपायावर हात ठेवला,
गार व्हता.
तिचं नाव मोठ्ठं लंबं,
मंग तिच्या मायचं इचारलं."

वहीत अर्थाचा रकाना नाही.

आता दीड वर्षाची. मोहाखाली खेळते.
कुणी नुसतं "नेऊ?" म्हटलं
की दोन्ही हात वर करते.