मिस

नाना पेठेतली रात्रशाळा, पंखा एकच चालू.
फळा पुसून होतोय तोवर
छबुताई दरेकर मोबाईल पुढे करतात:
"मिस, हे वाचा."
दोह्याहून मुलगा. तीन शब्द: आई मिस यू.

मी म्हटलं, मिस म्हणजे चुकणं.
स्वारगेटची बस चुकते, तसं.
नेम हुकणं, हजेरी बुडणं, वहीतलं पान गहाळ होणं.
आणि बिनलग्नाची बाईसुद्धा.
आणि मी, दोन पोरांची आई, इथल्या सगळ्यांची मिस.

मागच्या बाकावरून मार्केट यार्डातला हमाल लिंबाजी:
"मिस कॉल चुकत नाय, बाई. त्यो मुद्दाम देत्यात."
वर्ग हसला.

छबुताई हसल्या नाहीत.
रविवार पेठेत त्या काज-बटण करतात, नगावर.
एक काज चुकलं की सदरा खालपर्यंत तिरका,
हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.
"मग चुकलं कोण? मी का त्यो?"

मी उदाहरण शोधत राहिले.
त्या आपल्याशीच बोलत होत्या:
"तसं समदं बराबर हाय. पैसं येत्यात.
पण सांजचं ताट मांडताना
चुकल्या-चुकल्यावानी होतं बगा.
ह्याला विंग्रजीत काय म्हन्त्यात?"

खडू माझ्या हातात होता.

घरी जाताना त्यांनी वहीत उतरवून घेतलं.
एक एस राहिला होता.
मी राहू दिला.