आवक-जावक

एस वॉर्डाच्या ऑफिसात आईनं एकतीस वर्षं
आवक-जावकचं टेबल सांभाळलं.
आलेला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जायचा,
शिक्का, क्रमांक, तारीख,
मग तो पाणीखात्याचा असो की कुणाच्या शिव्यांचा.

निवृत्तीनंतर कागद थांबले.
गोळ्या सुरू झाल्या.

गुडघ्यांसाठी पांढरी, भांडुप स्टेशनसमोरच्या मेडिकलमधली.
कणकणीला गुलाबी, ती शेजारच्या कर्णिक वहिनींकडची.
रात्री ठणकलं की निळी, चिठ्ठीशिवाय, ओळखीवर.
नावं तीन, रंग तीन,
आत एकच औषध तीन कपडे घालून बसलेलं.
आणि गुळवेलीच्या गोळ्या मी आणलेल्या.
मीच. मुलुंडच्या प्रदर्शनातून, एकावर एक फुकट.
"झाडपाल्याचं आहे, अपाय नाही,"
विकणाऱ्या मुलीचं हे वाक्य
मी घरी येऊन माझं म्हणून म्हटलं.

कावीळ झाली की जग पिवळं दिसतं म्हणतात.
आईला जग होतं तसंच दिसत होतं,
आम्हालाच आई दिसली नाही.
स्वयंपाकघरातला दिवाच पिवळा.
पंधरा दिवस ती बांगडे तळताना तोंड फिरवायची,
पाठ दाराच्या चौकटीला घासायची,
लघवीचा रंग सांगायची तिला लाज वाटली.
मग सिलिंडरवाला दारातल्या उजेडात
सही घेता घेता म्हणाला, "मावशी, डोळे बघा तुमचे."

सायनच्या वॉर्डात डॉक्टर नौशीननं
झोप न झालेल्या आवाजात विचारलं,
"आणखी काय काय घेत होत्या?"
"काही नाही," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
आमच्या घरात औषध म्हणजे डॉक्टरनं लिहिलेलं,
बाकीची सगळी काळजी.
"घरी जा. पिशवीत भरून आणा. सगळं."

बिस्किटांचा डबा पलंगावर उपडा केला.
चंदेरी पाठीवरची बारीक अक्षरं तिरकी धरून
ती पेनानं गोल करत गेली,
हे, हे, आणि हेही तेच.
गुळवेलीच्या बाटलीपाशी थांबली.
माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

एसजीपीटी सतराशे. चाळिशीच्या आसपास हवं असतं.
"मग आता औषध कुठलं?"
"बंद करणं. आणि वाट बघणं."

तोंडातून गेलेलं जवळजवळ सगळं आधी यकृताकडे येतं,
डॉक्टर समजावत होती.
आई डोळे मिटून म्हणाली, "म्हणजे आवक-जावक."
मग बराच वेळानं,
"मार्चमध्ये ढीग यायचे. एकदा मी टेबलावर
डोकं टेकून झोपले होते. दुपारभर.
साहेबांना पत्ताच नाही. कागद येतच होते."

कर्णिक वहिनी काविळीची माळ घेऊन आल्या,
माळ लांबत जाते, कावीळ उतरते.
नौशीननं ती बोटावर घेऊन बघितली.
"पोटात जात नाही ना? मग राहू दे."

सतराशे. बाराशे. परत तेराशे,
त्या रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून
देवाला नाही, त्या बाटलीला हात जोडले.
मग सहाशे.
आकडे जिना उतरत होते,
म्हाताऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरून.

घरी आणल्यावर मी फ्रिजवर चिठ्ठी लावली,
न विचारता काही घेऊ नये, काळीज घ्यावी.
घाईत वेलांटी एक घर आधी पडली होती.
आईनं लाल पेनानं ती उचलून पुढच्या अक्षरावर ठेवली,
खाली तारीख घातली.
बोलली काहीच नाही.

आता टीव्हीखाली एक लांबट वही असते.
कर्णिक वहिनींनी आणलेला काढा: आवक, अकरा तारीख.
जावक: मोरी.
माझ्या मावसभावाची ताकदीची पावडर: परत.
डॉक्टरची एक गोळी, मापात, शिक्क्यासारखी सही.

आणि सगळ्यात वरच्या ओळीत,
तिच्या गोलसर अक्षरात,
गुडघेदुखी.
आवक: २००९.
पुढचा रकाना कोरा आहे.
रात्री मी तिथे तेल चोळते.